बोअरला आवर कुणी घालायचा: कायद्याने की ग्रामसभेने?

शेजाऱ्याने 300 फूट घेतला म्हणून आपण 400 घ्यायचा, आणि दोघांनी मिळून तिसऱ्याची विहीर कोरडी करायची. ही चढाओढ थांबवायची म्हटलं, की गावापुढे दोन वाटा असतात.

पहिली कायद्याची. 1882च्या सुविधाधिकार कायद्यापासून ‘ज्याची जमीन, त्याचं खालचं पाणी’ हीच समजूत चालत आली. महाराष्ट्राच्या 2009च्या भूजल कायद्याने तिला लगाम घातला. हा कायदा 2014 मध्ये लागू झाला. शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा खोल विहीर (बोअरही त्यातच आला) खणायला त्यात मनाई आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. नियम चांगले आहेत, पण बोअरची गाडी रात्री येते आणि उजाडायच्या आत निघून जाते. तक्रार तालुक्याला पोहोचेपर्यंत केसिंग (बोअरमधला पाइप) बसलेलं असतं.

दुसरी वाट हिवरे बाजारची. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या या कमी पावसाच्या गावाने, तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने, शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळीला नकार दिला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आहे आणि ते कशाला किती द्यायचं याचा हिशेब, मांडायला सुरुवात केली. माझ्या मते खरी ताकद या ताळेबंदातच आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खाली बेसाल्टचा कातळ. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, आणि ती साठवण फार नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर, पण त्यातलं बरंचसं वाहून जातं किंवा उडून जातं. म्हणून पाऊस सरला की विहिरी मोजायच्या. टेपला वजन बांधून आत सोडायचा, काठाशी आकडा बघायचा, ओली झालेली लांबी त्यातून वजा करायची. आलेला आकडा, म्हणजे पाणी काठापासून किती खाली आहे ते, चावडीच्या फळ्यावर लिहायचा. आधी माणसं, मग जनावरं, आणि उरलं तर रब्बी. गहू-कांदा किती एकर, हे सगळ्यांदेखत ठरतं. कायदा बोअर अडवू शकतो, पण ‘यंदा कांदा निम्मा करा’ हे शेजाऱ्याने सांगितलं तरच पटतं.

तुमच्या गावात अजून ग्रामसभा भरत असेल आणि लोक एकमेकांशी बोलत असतील, तर याच रब्बीला ताळेबंदापासून सुरुवात करा. कायद्याची मर्यादा ठरावात लिहून ठेवा. ऐकत नाही त्याच्यासमोर ती कामी येते.

गावात दोन तट असतील, किंवा उपसा वरच्या गावाचा आणि कोरड्या विहिरी तुमच्या, अशी गत असेल, तर ठराव शिवेपलीकडे चालत नाही. तिथे पाणलोट ‘अधिसूचित’ करून घेण्याची, म्हणजे त्या सगळ्या क्षेत्रातल्या उपशावर सरकारने कायद्याने नियंत्रण आणावं, ही मागणीच लावून धरावी लागेल. वेळ लागेल, पण तोवर आपल्या विहिरींच्या नोंदी ठेवत राहा. मागणी मांडताना त्याच कामाला येतात.