कंकणाकृती प्रवाळद्वीपाची प्रतिकृती: एका भूगोल शिक्षिकेचा अभिप्राय

ठाण्यात नौपाड्यातील शालेय साहित्याच्या एका दुकानातून आमच्या शाळेने प्रवाळद्वीपाची चालती प्रतिकृती विकत घेतली. पारदर्शक टाकी, तिच्या मध्यभागी ज्वालामुखीचा काळा शंकू आणि त्याभोवती एकावर एक बसवायची प्रवाळाची कडी, एवढाच हा संच आहे; तरीही पाठ्यपुस्तकातील तीन स्थिर आकृत्यांपेक्षा तो कितीतरी अधिक सांगतो.

टाकीत पाणी भरून पहिले कडे शंकूच्या काठाला घट्ट बसवायचे, ही झाली अनुतट प्रवाळभित्ती. तळाचा स्क्रू फिरवला की शंकू कड्यासह खाली सरकतो आणि विद्यार्थी त्यावर पाण्याच्या पातळीपर्यंत पोहोचेल असे नवे कडे चढवतो. कडी सरळ वर चढत जातात, शंकू मात्र वर निमुळता होत जातो. त्यामुळे दोहोंच्या मध्ये पाण्याचा पट्टा आपोआप रुंदावतो आणि रोधक प्रवाळभित्ती तयार होते. शेवटी शंकूचे टोक बुडते आणि खाजणाभोवती, म्हणजे मधल्या उथळ पाण्याभोवती, केवळ कंकण उरते; हेच कंकणाकृती प्रवाळद्वीप. चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेली कल्पना ती हीच, आणि ती मुलांच्या हातांखाली घडते, हे या संचाचे खरे यश आहे.

प्रवाळाने वर का चढत राहावे, याचे उत्तर माहितीपुस्तिकेत नेमके दिले आहे. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, त्याला सूर्यप्रकाश लागतो, म्हणून हे जीव उबदार आणि उथळ पाण्यातच जोमाने वाढतात. बेट खचण्याचा वेग त्यांच्या वाढीपेक्षा जास्त झाला, तर भित्ती अंधारात बुडून मरते. स्क्रू भराभर फिरवून हेही दाखवता येते. पुराव्यादाखल १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील मार्शल बेटांपैकी एनेवेटाक या प्रवाळद्वीपावर घेतलेल्या विंधनछिद्रांचाही उल्लेख आहे: १,२५० मीटरहून अधिक जाडीचा चुनखडक भेदल्यावर तेथे बेसाल्ट हा ज्वालामुखी खडक लागला. उथळ पाण्यात जगणाऱ्या जीवांचे अवशेष इतक्या खोलवर सापडतात, याचा अर्थ तळच खाली गेला असला पाहिजे.

बेट मुळात का खचते, याविषयी मात्र पुस्तिका गप्प आहे, आणि ही उणीव मला मोठी वाटते. तप्त स्थळापासून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून शिलारस वर येतो त्या जागेपासून, दूर जाताना सागरी भूपट्ट थंड होतो, अधिक घन होतो आणि आपल्यावरील ज्वालामुखीसह खाली जातो, एवढी दोन वाक्ये पुरली असती. ठाण्याच्या मुलांना तर हे घराजवळून सांगता येते. पारसिकच्या डोंगराचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्याचा आहे. ज्या तप्त स्थळाशी तो लाव्हा जोडला जातो, त्याच्याच पुढील वाटचालीत मालदीवच्या प्रवाळाखालचा ज्वालामुखी खडक तयार झाला, आणि आज ते स्थळ हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे.

दुसरा दोष रंगाचा आहे. सर्व कडी सारख्याच गुलाबी रंगात दिली आहेत, वास्तविक जिवंत असतो तो केवळ वरचा पातळ थर. त्याखाली मृत सांगाड्यांचा चुनखडक असतो. आम्ही खालची कडी पांढरी रंगवून घेतली.

पाण्याची पातळी कमी-जास्त करण्याची सोयही टाकीला हवी होती. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्रपातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. तेव्हा उघड्या पडलेल्या चुनखडकाचा मधला भाग पावसाच्या पाण्याने विरघळून खोलगट झाला आणि खाजणांच्या घडणीत त्याचाही वाटा आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. केवळ खचणाऱ्या शंकूवर थांबणारा धडा त्यामुळे अर्धाच राहतो. तळाशी एक साधी तोटी बसवली, तर हे सहज दाखवता येईल.

स्क्रूची चकती घट्ट आहे, दीर्घ वापरानंतरही टाकी गळत नाही आणि कडी स्वतंत्रपणे बदलून मिळतात. आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी मी हा संच निःसंकोच सुचवेन. कनिष्ठ महाविद्यालयांनी मात्र तोटी असलेल्या आवृत्तीची मागणी दुकानदाराकडे नोंदवूनच खरेदी करावी.