पिकअपवर चढवलेलं सामान: वर्षभराच्या वापरानंतर काय टिकलं, काय उतरवलं

गाडी डबल कॅब पिकअप, डिझेल, फोर बाय फोर. नवी आली तेव्हा हौदा म्हणजे नुसता रंगवलेला पत्रा होता. त्यानंतर एकेक करत स्प्रे लायनर, तीन घड्यांचं कडक झाकण, ऑल टेरेन टायर, हौद्यातले सरकते खण, छोटं रॅक, गाडीतल्या फ्रिजसाठी दुसरी बॅटरी, इंजिनाखालची लोखंडी प्लेट, लाइट बार आणि फाळक्याचा डँपर एवढं लागलं. लावल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले अनुभव हवे तेवढे वाचायला मिळतात, आणि त्या दिवशी सगळंच झकास असतं. खरा हिशेब एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावर लागतो.

सुरुवात वजनापासून करतो, कारण दुकानात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. पिकअपची वजन वाहण्याची मर्यादा ठरलेली असते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर नाहीतर मॅन्युअलमध्ये छापलेली असते. माझ्या गाडीची नऊशे किलोच्या आसपास. ऐकायला भरपूर वाटतं. आता बेरीज करा: खण पंच्याहत्तर किलो, झाकण पस्तीस, प्लेट तीस, बॅटरी आणि रॅक मिळून पन्नास, जाड टायरांमुळे वाढलेले वीस. झाले दोनशे दहा. त्यात पाच माणसं बसली की सरासरी पंच्याहत्तरने पावणेचारशे. हौद्यात टाकायला उरले तीनशेपंधरा. म्हणजे सामान वाहायला घेतलेल्या गाडीत आता सामानच कमी मावतं. सगळं फिट झाल्यावर टाकी फुल करून गाडी वजनकाट्यावर नेली. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून घेतला आणि ती पावती अजून डॅशबोर्डच्या खणात ठेवली आहे. नवं काही घ्यायचं मनात आलं की आधी ती बाहेर निघते.

लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं मोटरचं यंत्र) मी लावली नाही, ती याच हिशेबामुळे. बंपर साठ-सत्तर किलोचा, विंच आणि तिचा दोर तीस-चाळीस किलोचा, आणि हे सगळं पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लोंबकळणार. नाक खाली बसतं, पुढच्या स्प्रिंग बदलाव्या लागतात, स्टिअरिंग जड होतं. शिवाय आजकाल ग्रिलमागे रडार असतो, बंपरमध्ये पार्किंगचे सेन्सर असतात आणि एअरबॅग कधी उघडायची हे गाडीचं नाक कसं चेपतं त्यावर बेतलेलं असतं. त्या मॉडेलसाठीच तपासून बनवलेला बंपर असेल तर गोष्ट वेगळी, पण गल्लीत वेल्डिंग करून दिलेला पाइप तिथे नको. कांगारू आडवे येणाऱ्या ऑस्ट्रेलियात ही वस्तू रुजली याला कारण आहे. ज्याला रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर जनावरांची भीती नाही, त्याच्याकडे ती बहुतेक शोभेलाच उरते. विंच घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं: तिच्यावर लिहिलेला जोर ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. दोराचे जितके वेढे ड्रमवर शिल्लक, तितका ओढण्याचा जोर कमी.

आता सगळ्यात कामाची वस्तू. फाळक्याचा डँपर. एक छोटासा गॅसचा दांडा, दोन बोल्ट, अर्ध्या तासाचं काम. आधी कडी सोडली की फाळका धाडकन खाली यायचा, हातात पोतं असलं तर गुडघ्याने अडवावा लागायचा. आता कडी ओढायची आणि हात काढून घ्यायचा, तो आपला सावकाश खाली येऊन बसतो. दिवसातून कितीतरी वेळा वापरली जाणारी गोष्ट आहे ही. लाइट बार महिन्यातून एकदा लागतो, तरी लोक आधी लाइट बार घेतात.

लायनरबद्दल जरा सविस्तर. दोन प्रकार: एक तयार प्लास्टिकचा टब, हौद्यात बसवायचा आणि स्क्रूने आवळायचा, दुसरा फवारून मारायचा पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरियाचा थर. टब स्वस्त पडतो, सामानाचे टोले झेलतो, पण त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये वाळू शिरते आणि गाडीच्या हादऱ्यांनी ती रंग घासत राहते. वरून पाणी अडकतं. वर्षा-दोन वर्षांनी टब उचलला की खाली गंजाचे चट्टे. शिवाय प्लास्टिक गुळगुळीत, ब्रेक मारला की पेट्या घसरत पुढे. म्हणून मी स्प्रे निवडला. त्याची खरी मेहनत फवारण्यात नाही, आधीच्या घासण्यात असते. रंगाची चकाकी पूर्ण मारून, मेण आणि तेलाचा अंश पुसून काढला तरच थर धरतो. माझ्या हौद्यात मधला भाग वर्षभर दगड, लोखंडी पाइप, फावडी झेलूनही जसाच्या तसा आहे. एकच जागा बिघडली: फाळक्याच्या बिजागरीजवळची कड. तिथे घासायला हात नीट पोहोचत नाही, आणि लावणाऱ्याने तिथे घाई केलेली दिसते. बोटाच्या नखाएवढा पापुद्रा सुटला, पावसात त्याखाली पाणी गेलं आणि आता तो रुपयाच्या नाण्याएवढा झाला आहे. नखाने उचलला की खालचा मूळ रंग चकचकीत दिसतो, घासल्याची एक रेघ नाही. स्प्रे मारून घेणाऱ्यांनी थर चढण्याआधी कोपरे आणि बिजागऱ्या स्वतः हात फिरवून बघाव्यात. काळ्या थराचा रंग उन्हात पांढुरका पडतो, तो वेगळा प्रकार. साध्या ॲरोमॅटिक थराचं तसं होतंच, ताकद तेवढीच राहते. ज्यांना काळाभोरच हवा त्यांनी ऊन सोसणारा ॲलिफॅटिक थर मागावा, तो महाग असतो.

झाकण घेताना जाहिरातीत 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं होतं. कुठलंच झाकण तसं नसतं. कॅबच्या बाजूचा कोपरा आणि फाळक्याची फट या दोन जागा पाणी सोडतातच. रोज भिजणारी गाडी असेल तर कपडे, सिमेंट, कागद असल्या वस्तू तरीही ताडपत्रीत गुंडाळाव्याच लागतात. गुंडाळून आत जाणाऱ्या झाकणांना पाण्याच्या नळ्या असतात, त्यात पालापाचोळा अडकला की पाणी उलटं हौद्यात. माझं घडीचं आहे, त्याला नळ्यांची भानगड नाही.

पण पाण्यापेक्षा धुळीने जास्त सतावलं. कच्च्या रस्त्यावरून तासभर चाललं की आतल्या सामानावर, फाळक्याच्या दोन्ही कोपऱ्यांपासून पंख्यासारखी पसरलेली पिवळट धूळ. वरचे रबर कितीही बदलले तरी तेच, कारण धूळ वरून येतच नाही. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो आणि फाळक्याभोवतीच्या फटीतून ती आत खेचली जाते. यावर उपाय झाकणाचा नाही, फाळक्याचा: तिन्ही बाजूंनी पोकळ रबराची पट्टी चिकटवली आणि बिजागरीजवळच्या मोठ्या फटीत फोमचा तुकडा बसवला. धूळ पूर्ण गेली नाही, पण आता फडक्याच्या एका फटक्यात निघते एवढीच येते. पट्टी चिकटवायच्या आधी जागा स्पिरिटने पुसणं आणि गोंद एक रात्र बसू देणं एवढं पाळलं की पट्टी टिकते. उंच वस्तू न्यायची झाली तर मात्र झाकणाची घडी कॅबच्या मागच्या काचेवर उभी राहते आणि मागचं काही दिसत नाही. फ्रिज किंवा कपाट वारंवार नेणाऱ्यांनी गुंडाळायचं कापडी झाकण घ्यावं.

टायरचं माप मी बदललं नाही. मूळ २६५/६५ आर १७, तेच ठेवलं, फक्त नक्षी ऑल टेरेन घेतली. अनेक जण २६५/७० वर जातात. त्या टायरचा व्यास साडेतीन टक्क्यांच्या आसपास जास्त, म्हणजे काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा तेवढीच जास्त पळत असते. वेग घेणं आणि ब्रेक दोन्ही किंचित मंदावतात आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर कधीकधी मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासतो. माप वाढवण्यापेक्षा टायरवरचा लोड इंडेक्स बघा: ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, १२१ म्हणजे १४५० किलो. भरलेल्या पिकअपला तो आकडा लागतो. जाड भिंतीच्या एलटी, म्हणजे लाइट ट्रक टायरमध्ये तेवढंच वजन पेलायला हवा जास्त भरावी लागते, जुन्याच दाबावर चालवले तर ते आतून तापतात. आवाज सुरुवातीला जाणवला नाही. नक्षीची टोकं असमान झिजली तसा सत्तरच्या पुढे घूं असा आवाज सुरू झाला, टायर आलटून पालटून लावल्यावर बराच कमी झाला. मायलेज पडलं आहे, पण त्यात वाढलेलं वजनही आलं, त्यामुळे सगळं पाप टायरच्या माथी मारत नाही. चिखलात आणि खडीवर मात्र फरक जमीन-अस्मानाचा आहे.

गाडी उचलण्याचा मोह खूप जणांना होतो. मी दोन इंचाचा किट तपासला आणि सोडून दिला. पुढचे सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकांना ताकद पोहोचवणारे सांधे) तिरके चालायला लागतात, अलाइनमेंट नव्याने करावी लागते, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि काचेवर कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन आलं. मागच्या बाजूला जास्तीचा पाटा किंवा एअर हेल्पर (आधाराची हवेची पिशवी) बसवून 'आता आणखी वजन घाला' असं सांगणारे भेटतात. त्याने गाडीची मागची बाजू उचलली जाते, मर्यादा वाढत नाही. ॲक्सल, ब्रेक, चेसिस आणि टायर तेच असतात. एअर हेल्पर तर पाट्यांच्या दोन टोकांवर वाटलं जाणारं वजन चेसिसच्या एकाच बिंदूवर आणतो. जादा भरलेल्या, मागे ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांच्या चेसिस तिथे वाकल्याची उदाहरणं आहेत. जड पाटे घेऊन रिकामी फिरणारी गाडी तर मागच्या सीटवरच्या माणसाचा जीव खाते.

वायरिंगचं काम लोक शेवटी, घाईत उरकतात आणि वर्षभर तेच छळतं. माझा लाइट बार १८० वॅटचा. बारा व्होल्टवर म्हणजे पंधरा अँपिअर. एवढा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून न्यायचा नसतो. स्विचने रिले (थोड्या करंटवर चालणारा, मोठा करंट जोडणारा स्विच) चालवायचा आणि रिलेने बार. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा, कारण तो बारला नाही, वायरला वाचवतो. फ्यूजच्या अलीकडे वायर घासून चेसिसला टेकली तर जाळ थांबवायला काहीच नसतं. बार बंपरच्या जाळीत बसवला आहे, छतावर नाही. छतावरचा झोत बॉनेटवर आपटून डोळ्यात येतो आणि वेगात वाऱ्याची शिट्टी वाजते. समोरून गाडी येत असताना तो लावणं म्हणजे शुद्ध उपद्रव, त्यामुळे स्विच जाणूनबुजून खाली, हात मुद्दाम न्यावा लागेल असा ठेवला.

ट्रेलरच्या प्लगचं काम दुसरीकडे करून घेतलं होतं. तिथे वायर न सोलता चिमट्यात दाबून जोडणारे निळे क्लिप वापरले. पाऊस झाल्यावर उजवा इंडिकेटर टकटकटक असा दुप्पट वेगाने लागायला लागला. क्लिप उघडला तर तांब्याच्या निम्म्या तारा दाबानेच तुटलेल्या आणि उरलेल्यांवर हिरवा थर. सगळे क्लिप काढून क्रिम्प केलं, वरून गोंदवाली हीट श्रिंक नळी चढवली, तेव्हापासून शांत. इंडिकेटरमध्ये एलईडी बल्ब टाकणाऱ्यांनाही हीच टकटक भेटते, पण कारण वेगळं: करंट कमी लागतो म्हणून गाडीला बल्ब उडाल्यासारखं वाटतं.

स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी, नाही घेतला. इंजिनाची हवा वरून आली तरी डिफरन्शियलचे ब्रीदर (हवा सोडणारी छिद्रं) आणि अल्टरनेटर जिथल्या तिथेच राहतात. त्याऐवजी कंप्रेसर, दोन रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली टाकायच्या फळ्या) आणि ताकद छापलेले शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या) घेतले. वाळूत टायरची हवा वीस पीएसआयच्या खाली आणली की बहुतेक वेळा बोर्डही काढावे लागत नाहीत. रुतलेली गाडी ओढताना ट्रेलरच्या बॉलला दोर कधीच अडकवू नका. बॉल तुटला तर तो काच फोडून आत येतो.

सरकते खण छान आहेत पण जड, आणि त्यांच्या बेअरिंगमध्ये धूळ बसते. महिन्याकाठी ब्रशने साफ करून कोरडं सिलिकॉन मारतो. ग्रीस लावलं तर वाळू चिकटून आणखी करकर. खणाचे बोल्ट, रॅकचे बोल्ट आणि चाकांचे नट सुरुवातीच्या शंभर किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा आवळावे लागतात. माझ्या रॅकचा एक बोल्ट त्या वेळी हाताने फिरत होता.

पुढचं काम बिजागरीजवळची ती कड घासून पुन्हा थर मारून घेणं. कॅनोपीचा (हौद्यावरच्या बंद टपाचा) विचार दुसरी बॅटरी काढून वजनकाट्यावर पुन्हा गेल्यावरच. फ्रिज वर्षात फारच थोडा वापरला गेला, त्यामुळे बॅटरीची जागा आता अवघड आहे.