सरासरी 84 लक्स, कोपऱ्यात 11

नागपुरात मे महिन्यात पारा 45च्या वर गेला की पोरं दिवे लागणीच्या आधी मैदानात उतरतच नाहीत. म्हणून आमच्या ले-आउटच्या मंडळानं वर्गणी गोळा केली आणि 60 बाय 40 मीटरच्या मैदानावर फुटबॉलसाठी फ्लडलाइट लावायचं ठरवलं. व्यवहार माझ्या हातात होता, म्हणजे फसलो तो मीच.

ठेकेदार गोड बोलणारा. चार पोल, प्रत्येकावर 400 वॉटचे दोन एलईडी, एकूण 4,60,000 रुपये. सोबत त्यानं डायलक्स या लायटिंग डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर केलेल्या डिझाइनचा रंगीत कागद आणला. मैदानभर सारखा पिवळा रंग, कुठंही काळा डाग नाही. तो कागद पाहूनच कमिटीनं मान डोलावली आणि 70 टक्के रक्कम आगाऊ दिली. करारात एकच ओळ होती : ‘सरासरी 75 लक्स.’ लक्स म्हणजे जागेवर पडणारा उजेड मोजायचं एकक.

काम झालं त्या रात्री तो मीटर घेऊन आला. पोलसमोर उभं राहून आकडे दाखवले, टाळ्या झाल्या, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी गोलकीपर पोरगा म्हणाला, “काका, बॉल दिसूनच नाही राहिला. कोपऱ्यात अंधार, अन् वर पाहिलं तर डोळ्यात लाइट.”

मग सीताबर्डीच्या बाजारातून लक्समीटर आणला. मैदानाचे दहा-दहा मीटरचे चौकोन पाडले, प्रत्येकाच्या मधोमध चुन्याची टिकली, एकूण 24. मीटर जमिनीवर आडवा ठेवून एकेक आकडा वहीत उतरवला. पोलसमोर 240, मधोमध 38, कोपऱ्यात 11. सरासरी काढली तर 84! म्हणजे कराराप्रमाणे तो पास. युरोपच्या ईएन 12193 मानकात सरावाच्या फुटबॉलला 75 लक्स सांगितलेत खरे, पण सोबत दुसरी अट आहे : सर्वात कमी आकड्याला सरासरीनं भागलं तर उत्तर 0.5च्या खाली नको. आमचं आलं 0.13. ही दुसरी अट करारात नव्हतीच. ती गाळली म्हणून भाव स्वस्त होता, हे तेव्हा कळायला हवं होतं.

त्याच्या मीटरची गंमतही उमगली. त्यानं मीटर हातात धरून दिव्याकडे तोंड करून तिरपा केला होता. एकाच टिकलीवर आडवा ठेवला तर 62, दिव्याकडे वळवला तर 118. दिवा जितका खाली आणि दूर, तितका हा फरक मोठा. पोरं खेळतात जमिनीवर, त्यामुळे मोजायचा तो आडवाच.

आणि दिवे खालीच होते. रंगीत कागद पुन्हा काढला. उजव्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत दिव्यांची उंची छापलेली : 12 मीटर. आमचे पोल 9 मीटरचे, त्यातला दीड मीटर जमिनीत गाडलेला. दिवा साडेसात मीटरवर! एवढ्या खालून मैदानाचा मध्य गाठायचा म्हणून त्यानं दिव्यांची तोंडं वर उचलून धरली होती. गोलकीपरच्या डोळ्यात जात होतं ते हेच. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, त्यात तो जमिनीवर आडवा सांडतो, मग कोपऱ्याला काय उरणार? कागदावरचा दिवाही वेगळाच निघाला. डिझाइन एका मॉडेलचं, लावला दुसरा, रुंद लेन्सचा, आठही दिवे सारखेच.

शेवटी वायरमननं एका दिव्याच्या केबलला क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती पकडून करंट मोजायचा चिमटा, लावला. पहिल्यांदा त्यानं अख्खी केबल पकडली, आकडा शून्य, कारण जाणारा आणि परतणारा करंट एकमेकांना खोडतात. केबल सोलून एकटी फेज पकडली तेव्हा 1.2 अँपिअर. 230 व्होल्टनं गुणा, 276 वॉटच्या वर जात नाही. पत्र्यावर स्टिकर मात्र 400चं.

बाकीचे 1,38,000 आम्ही दिले नाहीत. त्याचा फोन आधी बिझी, नंतर बंद. पोल उपटून उंच करायचा खर्च मंडळाला झेपणारा नाही.

तुमच्याकडे असं काम निघालं तर डिझाइनच्या कागदावरचं मॉडेल आणि दिव्याची जमिनीपासूनची उंची करारात उतरवून घ्या. त्या मॉडेलची आयईएस फाइल, म्हणजे दिवा कुठल्या दिशेला किती उजेड टाकतो त्याची नोंद, मागा, तीच फाइल दुसऱ्या कोणाकडून डायलक्समध्ये चालवून घ्या. किमान लक्स आणि समानतेचा आकडा (सर्वात कमी भागिले सरासरी) लिहा. निम्मे पैसे तुमच्या चुन्याच्या टिकल्यांवर मोजणी होईपर्यंत खिशातच ठेवा.

आम्ही शिडी लावून दिवे थोडे खाली वळवले. डोळ्यावरचा मारा कमी झाला, पण मध्य आणखी काळवंडला. ईशान्य कोपऱ्यात आता 14 लक्स आहेत. तिथून कॉर्नर किक मारायची असली की एक पोरगा मोबाइलचा टॉर्च धरून उभा राहतो.