भरगच्च नाताळ-सजावटीचा संच: रंगांत उजवा, दिव्यांत अपुरा

लाल-हिरव्याच्या ठरावीक चौकटीबाहेर पडून घर रंगांनी अक्षरशः ओसंडून वाहू द्यावे, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांच्यासाठी आता नाताळच्या भरगच्च सजावटीचे तयार संच मिळतात. सात फुटी कृत्रिम झाड, नाना आकारांचे गोळे, मखमली रिबीन, दारावरची हिरवी माळ आणि दिवे असा एक संच यंदा आमच्या बैठकीत लावला.

संचाचे खरे बळ त्याच्या रंगसंगतीत आहे. मोरपंखी, गुलबक्षी, हळदी आणि गडद जांभळा हे चारही रंग ठसठशीत असूनही एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत, कारण प्रत्येक रंगाचे गोळे चकचकीत, मॅट आणि चमकी लावलेले अशा तिन्ही प्रकारांत दिलेले आहेत. मोठे मॅट गोळे खोडाजवळ आत टांगले, चकचकीत गोळे दिव्यांच्या शेजारी ठेवले आणि लहान गोळे फांद्यांच्या टोकांना लावले, की झाडाला जी खोली येते ती नुसती संख्या वाढवून कधीच येत नाही. भरगच्च सजावट आणि निव्वळ गर्दी यांतला फरक नेमका येथे कळतो.

थोडे गोळे खऱ्या काचेचे आहेत. जर्मनीतील लाउशा गावच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात नावारूपाला आणलेल्या पद्धतीप्रमाणे त्यांना आतून चंदेरी मुलामा आणि बाहेरून रंग दिलेला असल्यामुळे, उजेड पडताच रंग आतून उजळल्यासारखा दिसतो. उरलेल्या प्लास्टिकच्या गोळ्यांना ही झळाळी नाही. शिवाय जवळून पाहिल्यास त्यांच्यावरचा सांधा दिसतो, म्हणून ती बाजू भिंतीकडे वळवावी लागते.

झाडाची बांधणी उत्तम आहे. बाहेरची टोके साच्यात घडवलेल्या पॉलिएथिलिन या प्लास्टिकची असून आतला भाग पीव्हीसीच्या पट्ट्यांनी भरलेला आहे, आणि धातूच्या फांद्या काचेच्या वजनानेही झुकत नाहीत. रिबिनीच्या काठांत तार असल्याने तिच्या घड्या दिलेल्या आकारात टिकून राहतात.

दिव्यांच्या बाबतीत मात्र संच फार कमी पडतो. अशा सजावटीसाठी झाडाच्या दर फुटामागे सुमारे 100 दिवे धरावेत, असा सर्वसाधारण आडाखा आहे. येथे संपूर्ण झाडासाठी 300 दिवेच मिळतात आणि त्यांचा निळसर पांढरा प्रकाश हळदी व गुलबक्षी रंगांची ऊब घालवतो. सुमारे 2700 केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पिवळसर प्रकाशाच्या एलईडी माळा वेगळ्या आणून, खोडापासून टोकाकडे अशा प्रत्येक फांदीवर गुंडाळल्यावरच या रंगांचे चीज झाले. दारावरची माळही विरळ आहे, त्यामुळे दोन माळा एकत्र पिळून लावाव्या लागतात. घेणाऱ्यांनी या दोन जास्तीच्या खर्चांची तयारी ठेवूनच हा संच घ्यावा.