माळ्यावरच्या सागवानी फळ्या की सागाचे व्हिनियर?

गावचे घर उतरवताना निघालेल्या सागवानी फळ्या पंधरा-वीस वर्षे माळ्यावर पडून असतात, आणि दिवाणखान्याच्या भिंतीला पॅनेलिंग करायचे ठरले की त्या वापराव्यात की सागाचे व्हिनियर (लाकडाचा पातळ थर) असलेले प्लायवुड आणावे, असा प्रश्न पडतो.

मी प्रथम लाकडाची हालचाल पाहतो. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते ऋतूनुसार फारसे हलत नाही. भरीव फळी मात्र रुंदीत फुगते आणि आकसते. 200 मिलिमीटर रुंद फळीतला ओलावा 16 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आला, तर ती सुमारे 2 मिलिमीटर अरुंद होऊ शकते. फळ्या इतकी वर्षे वाळल्या म्हणजे स्थिरावल्या, हा समज फसवा आहे, कारण त्यांच्यात माळ्याच्या हवेचा ओलावा असतो, तुमच्या खोलीच्या हवेचा नव्हे. म्हणून त्या ज्या खोलीत लावायच्या, तिथेच मध्ये पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे रचून ठेवाव्यात.

नंतर प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवून मोडके खिळे काढावेत, नाहीतर रंध्याचे पाते जाते. कडेच्या पांढऱ्या लाकडातून ताजे पीठ पडत असेल, तर भुंगा जिवंत आहे. तो भाग कापूनच टाकावा. गाभ्याचे लाकूड सहसा शाबूत असते. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. रंधा मी हलकाच मारतो. वर्षानुवर्षे मुरलेला तपकिरी रंग एकदा छिलून गेला की कोणत्याही पॉलिशने परत येत नाही.

बसवताना भिंतीवर रिपा ठोकून मागे हवेला वाट ठेवावी, फळ्यांच्या कडा अर्ध्या खाचेने (म्हणजे कडेची अर्धी जाडी कापून) एकमेकींवर बसवाव्यात आणि प्रत्येक फळी एकाच कडेला पितळी स्क्रूने धरावी, म्हणजे दुसरी कड मोकळेपणाने सरकते. फाल्गुनात घट्ट भिडवलेल्या फळ्या आषाढात फुगून भिंतीपासून सुटतात, हे विसरू नये.

व्हिनियरचे काम याहून पुष्कळ सोपे आहे: 8 बाय 4 फुटांचा प्लायचा तक्ता, एकसारखे रेषांकन, मोजक्या दिवसांत पूर्ण. परंतु वरचा सागाचा थर साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे खोल ओरखडा घासून काढता येत नाही. भरीव फळी मात्र पुन्हा रंधून पॉलिश करता येते, आणि माझा कौल त्यामुळेच तिच्या बाजूने आहे.

अपवाद ओलसर भिंतीचा. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. आतल्या बाजूस दव दिसले, तर गळती थांबेपर्यंत दोन्हींपैकी काहीही लावू नये. आणि किडके भाग, फाटलेली टोके कापल्यावर फळ्या पूर्ण भिंतीला पुरत नसतील, तर त्यांत प्लायची भर घालण्यापेक्षा कमरेच्या उंचीपर्यंतच पॅनेलिंग करून वर चुन्याचा हात द्यावा.