टॉवरची मोजणी चार हजारांत: काय कळतं आणि काय राहून जातं

घरांच्या मध्ये मोबाइलचा टॉवर आला की वाडीत दोन तट पडतात. एक म्हणतो कॅन्सर होणार, दुसरा म्हणतो काही होत नाही, आणि आकडा दोघांकडेही नसतो. तो आकडा मिळवून देणारी सरकारी सोय आहे. आमच्या हर्णैच्या बाजूला मी ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कुणीच तिचं नाव ऐकलेलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' हे संकेतस्थळ २०१७ मध्ये सुरू झालं. नकाशात आपलं गाव शोधायचं आणि टॉवरच्या खुणेवर बोट ठेवायचं. तिथे कुठलं तंत्रज्ञान चालतं आणि टॉवर किरणोत्सर्गाच्या मर्यादेत बसतो का, हे समोर येतं. एवढं फुकट. त्यापुढे ४,००० रुपये ऑनलाइन भरले की विभागाची माणसं आपण सांगू त्या ठिकाणी येऊन प्रत्यक्ष मोजणी करतात. आपल्याला समोर उभं राहता येतं, लेखी अहवालही मिळतो. माझे पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे येईल.

मी टॉवरविरोधी नाही. घरची खानावळ आहे, वर दोन खोल्या पाहुण्यांना देतो, फोन लागला नाही तर चूल थंड पडेल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा कौलं उडाली, माड आडवे झाले, आणि आम्ही जिवंत आहोत एवढं मुंबईच्या मुलाला कळवायलाही फोन नव्हता. बंदरावरच्या बोटवाल्यांना विचारा, रेंज म्हणजे काय ते सांगतील. टॉवर हवाच. तो आमच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला टेकून नको, एवढंच वाडीचं म्हणणं होतं आणि आजही आहे. जागा एका चाकरमान्याची. तो गणपतीला आणि शिमग्याला येतो. भाडं मुंबईला जातं आणि त्याच्या बाजूला राहणाऱ्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही. पाया खणायला जांभ्यात ब्रेकर लागला तेव्हा आम्हाला कळलं.

वर्गणी काढून पैसे भरले. मोजायला आलेले दोघं तरुण शांतपणे काम करणारे होते. तिपाईवर बसवलेला दांडा, त्याच्या टोकाला गोल डोकं आणि हातात आकडे दाखवणारी पेटी. त्या गोल डोक्यात सगळ्या दिशांनी येणाऱ्या लहरी धरल्या जातात, असं त्यांनी सांगितलं. आधी सगळ्या वारंवारितांची मिळून बेरीज बघतात. ती मर्यादेच्या जवळ गेली तरच एकेक वारंवारिता वेगळी काढून मोजतात. एका जागी क्षणभराचा आकडा धरत नाहीत, काही मिनिटांची सरासरी काढतात. पडवीत मोजलं, विहिरीपाशी मोजलं, माडीवर मोजलं. शेजारचे आबा पूर्ण वेळ त्या पेटीकडे डोळे लावून होते. "वैनी, ह्यो आकडा कमी की जास्त, ता आधी सांगा," असं दर दोन मिनिटांनी विचारत होते.

मर्यादा किती ते आधी माहीत असलं पाहिजे, नाहीतर आकड्याचा उपयोग नाही. आपल्या देशाने २०१२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश केली. त्या हिशेबाने ९०० मेगाहर्ट्झ वारंवारितेला चौरस मीटरमागे ०.४५ वॅट, १८०० ला ०.९ वॅट, आणि २००० च्या वर १ वॅट. आमच्या तिन्ही जागा याच्या खूप खाली निघाल्या. विहिरीपाशी सर्वांत कमी, माडीवर त्यातल्या त्यात जास्त.

हे असं का, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. अँटेना खाली बघत नाही, ती किंचित झुकून समोर लांब बघते. त्यामुळे टॉवरच्या बुडाशी लहरी कमी आणि अँटेनाच्या उंचीवर समोर असलेल्या घरात जास्त. सपाट गावात याचा फारसा प्रश्न नाही. आमची घरं मात्र उतारावर आहेत. पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट चढून वर गेलं की वरच्या आळीतल्या घरांचं अंगण अँटेनाच्या पातळीत येतं. आरडाओरडा आम्ही खालचे करत होतो आणि मोजणीची खरी गरज वरच्यांना होती. म्हणून सांगते, डोंगरउतारावर राहत असाल तर मोजणीची जागा निवडताना टॉवर किती जवळ आहे हे बघू नका, अँटेना कुठल्या घराच्या समोर आहे ते बघा. वरच्या आळीनेही मग वेगळी मोजणी करून घेतली. आकडा आमच्याहून मोठा आला, पण मर्यादेच्या आतच.

आता कापलेला गुण. ४,००० ही रक्कम एखाद्या कोळणीला किंवा आगरात मजुरीला जाणाऱ्या बाईला एकटीने भरण्यासारखी नाही. मर्यादा ओलांडली तर कंपनीला १० लाखांपर्यंत दंड ठेवलेला होता, मग जिच्या दारात टॉवर उभा राहिला तिला एक मोजणी मोफत का नसावी? टॉवर चालू होण्याआधी कंपनी स्वतःच स्वतःचं प्रमाणपत्र देते आणि विभाग दरवर्षी फार तर १० टक्के टॉवर आपणहून तपासतो. बाकीच्यांसाठी ही मोजणीच तर आधार आहे.

आणि जे आम्हाला खरोखर झोपू देत नाही ते या मोजणीत येतच नाही. पावसात वीज गेली की डिझेल जनरेटर सुरू होतो. तो ठेवलाय आमच्या गडग्यापासून हाताच्या अंतरावर. सासूबाईंची खोली त्याच बाजूला. रात्री दोनला भिंत थरथरते, धूर पडवीत येतो, वाळत टाकलेल्या कपड्यांना डिझेलचा वास. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. हा कायदा वेगळा, तक्रारीची जागा वेगळी. आकडा हातात नसताना आम्ही हे सगळं 'रेडिएशन' या एकाच नावाखाली भांडत होतो आणि कंपनीचा माणूस हसून निघून जात होता.

नुसत्या किरणांच्या भीतीवर केलेले ठराव टिकत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीचा टॉवरविरोधी ठराव मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. दुसरीकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरचा एक टॉवर एका कर्करुग्णाच्या तक्रारीवरून बंद करायला लावला, तो दाखला आमच्या व्हॉट्सॲपवर रोज फिरायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं. याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे. निर्धास्त व्हा असंही नाही, टॉवर पाडा असंही नाही. मोजत राहा, एवढं तर नक्कीच.

माडांची गळ टॉवरमुळे वाढली असंही काहींचं म्हणणं. ते या यंत्राला विचारू नका. नारळावरची कोळी कीड आणि पांढरी माशी कोकणात कुठे नाही? दापोलीचं कृषी विद्यापीठ आपल्या दारात आहे, गळलेलं फळ घेऊन तिथे जा.

अर्ज करणाऱ्यांसाठी: टॉवरचा आणि अँटेनाचा फोटो घराच्या अंगणातून काढून ठेवा. मोजायच्या जागा आधी ठरवा, त्यात माडी किंवा गच्ची असू द्या. पाऊस नसलेला दिवस मागा. सगळ्या घरांतून एकेक माणूस मोजणीला हजर राहील असं बघा, नाहीतर आकड्यावरून पुन्हा भांडण. अहवालाची प्रत ग्रामपंचायतीत आवक नोंद करून द्या आणि जनरेटरचा अर्ज त्याच दिवशी, पण वेगळ्या कागदावर. आम्ही तसाच दिलाय. जनरेटर जागेच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला हलवावा, ही मागणी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर घ्यायला लावली आहे. त्या सभेला चाकरमानी मालकालाही लेखी बोलावलं आहे.