फार्मिंग सिम्युलेटर २२ की २५: पऱ्हाटीवाल्याने काय घ्यावे, धानवाल्याने काय

आधी कॉम्प्युटर बघा, मग गेम. फार्मिंग सिम्युलेटर हा जायंट्स सॉफ्टवेअर या स्विस कंपनीचा शेतीचा गेम. त्यातला २२ (पुढे नुसता 'बावीस') आला २०२१ च्या नोव्हेंबरात आणि २५ (म्हणजे 'पंचवीस') २०२४ च्या नोव्हेंबरात. मधल्या तीन वर्षांत गेमचे इंजिन, म्हणजे तो चालवणारा मूळ प्रोग्राम, बदलले. बावीसला किमान आय५-३३३० प्रोसेसर, जीटीएक्स ६६० ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी रॅम लागते. पंचवीसला रॅम तेवढीच पुरते, पण प्रोसेसर आय५-६४०० किंवा त्याच्या पुढचा आणि कार्ड जीटीएक्स १०५० टीआय किंवा त्यावरचे हवे. प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वन असेल तर निवड करायचा प्रश्नच नाही, कारण पंचवीस त्यांच्यावर निघालेलाच नाही.

आपल्याकडे बरेच जण कंपन्यांमधून निघालेला जुना डेस्कटॉप घेतात. त्यात बहुधा तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय५ असतो आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते. त्यात सेकंडहँड १०५० टीआय टाकता येते. हे कार्ड ७५ वॅटचे आहे, बहुतेक मॉडेलना पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागत नाही, त्यामुळे डब्यातला मूळचा सप्लाय चालून जातो. डबा बारका असेल तर अर्ध्या उंचीचे कार्ड मागा, नाहीतर झाकण बसणार नाही. अशा मशीनवर बावीस मध्यम सेटिंगवर नीट चालतो. पंचवीस सुरू होईलही, पण कार्ड पुरेसे असून प्रोसेसर कमी पडेल, आणि गेममधले, आपोआप काम करणारे दोन-तीन मजूर एकाच वेळी कामाला लावले की अडखळेल. कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर दोन्हींचा नाद सोडा.

लॅपटॉपवाल्यांनी एप्रिल-मे लक्षात ठेवावा. अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे गेला की मशीन तापून आपला वेग आपणच कमी करते आणि लोकांना वाटते गेम खराब आहे. सेटिंगमध्ये फ्रेमची (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) मर्यादा ३० वर आणा, सावल्यांचा दर्जा उतरवा. लाइन जाणाऱ्या गावात डेस्कटॉप असेल तर ऑटोसेव्ह ५ मिनिटांवर ठेवा.

डाउनलोडचा हिशेब वेगळाच. बावीसला ३५ जीबी जागा लागते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर तेवढे उतरवायचे तर २३-२४ दिवस जातात. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर डाउनलोड थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे सुरू करता येते, पण त्यापेक्षा सोपे म्हणजे ज्याच्याकडे तो गेम आधीच आहे त्याच्याकडून हार्ड डिस्कवर स्टीमअॅप्समधल्या कॉमन फोल्डरमधला गेमचा फोल्डर आणायचा. आपल्या खात्यावर गेम विकत घेतलेला असावा. फोल्डर त्याच जागी ठेवून इन्स्टॉल दाबले की स्टीम असलेल्या फायली ओळखते आणि कमी असेल तेवढेच उतरवते. पंचवीससाठी ५० जीबीच्या वर जागा मोकळी ठेवा. आणि हो, एपिक स्टोअर या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावर २०२४ च्या मे महिन्यात बावीस आठवडाभर फुकट होता. तेव्हा घेतला असेल तर तो अजून खात्यात पडून असेल, एकदा बघून घ्या.

आता पिके. कापूस, सोयाबीन, मका दोन्हींत आहेत. ज्वारी, द्राक्ष आणि ऑलिव्ह बावीसमध्ये आले आणि पंचवीसमध्येही राहिले. तूर, हरभरा आणि संत्र्याची बाग मूळ गेममध्ये नाही, ना इकडे ना तिकडे.

पऱ्हाटीवाल्याला पंचवीसमध्ये नवे असे फार काही मिळत नाही. बावीसच्या कॅलेंडरमध्ये कापूस फेब्रुवारी-मार्चला पेरायचा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला काढायचा. मृगाची वाट पाहणारा नेमका इथे फसतो, जूनमध्ये पेरणीयंत्र कापूस पेरतच नाही. सोयाबीनची पेरणीही एप्रिल-मे मध्येच उरकावी लागते. पहिला, दुसरा, तिसरा वेचा असा प्रकार नाही. कापसाचे हार्वेस्टर एकाच फेरीत सगळे काढते आणि गाठ बांधून मागे टाकते. हे यंत्र अतोनात महाग आहे आणि वर्षातून एकदाच लागते, त्यामुळे विकत घेऊ नका, दुकानातून भाड्याने घ्या. भाडे तासावर चढते, म्हणून गाठी उचलायच्या आधी यंत्र परत करून मोकळे व्हा. गाठी उचलायला लोडर आणि सपाट ट्रॉली आधीच तयार ठेवावी. पुढे सूतगिरणीत कापसाचे कापड आणि शिवणकामाच्या कारखान्यात कापडाचे कपडे, ही साखळी बावीसमध्येच पूर्ण आहे.

उत्पन्न कमी येते अशी तक्रार दोन्ही गेममध्ये ऐकू येते, आणि कारण बहुतेक वेळा चुन्याचे असते. बावीसमध्ये मूळ उत्पन्नावर जी वाढ मिळते तिची फोड अशी: खताच्या दोन मात्रांना मिळून ४५ टक्के, निंदणाला २०, नांगरणीला १५, चुन्याला १५, आणि पालापाचोळा बारीक करणे व रोलर फिरवणे यांना अडीच-अडीच. चुना तीन पिकांनंतर पुन्हा टाकावा लागतो, पण आपल्या सवयीत तो बसत नसल्याने विसरला जातो. तण लहान असताना यांत्रिक निंदणी चालते, मध्यम झाले की डवरणीचे अवजार लागते, त्याहून मोठ्या तणाला फवारणीशिवाय इलाज नाही.

एक महिना म्हणजे एक दिवस, ही मुळातली सेटिंग ठेवली तर कापसाच्या पेरणीची पूर्ण मुदत दोन दिवसांत निघून जाते. महिन्याला ३ दिवस करा. गोट्यांचा त्रास नको असेल तर तोही सेटिंगमधून बंद होतो. चालू ठेवला आणि गोटे वेचले नाहीत, तर अवजारे लवकर झिजतात आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो.

भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या माणसाने मात्र पंचवीसच घ्यावा, कारण धान तिथेच आहे. त्यातही दोन प्रकार. नेहमीच्या धानाला बांधीत पाणी भरायचे, पऱ्हे दुकानातून घेऊन रोवणी यंत्रात टाकायचे आणि चिखलात रोवणी करायची. कापणीआधी पाणी उतरवायचे. लांब दाण्याचा तांदूळ रोवावा लागत नाही, पेरणीयंत्राने पेरता येतो. हुतान पंताई हा आशियाई नकाशा यासाठीच केलेला आहे. तिथल्या बांध्या लहान आहेत, म्हणून सुरुवातीला मोठा ट्रॅक्टर घेण्यात पैसे घालू नका, वळायलाच जागा पुरत नाही. पालक, वाटाणा आणि हिरव्या शेंगाही पंचवीसमध्ये नव्याने आल्या आहेत.

कामाच्या सोयीत पंचवीस स्पष्ट पुढे आहे. जीपीएसवर सरळ तास धरून चालणारे स्टीअरिंग त्यात मुळातच आहे. ट्रॅक्टर घेताना दुकानात तो पर्याय निवडायचा असतो, नंतर शोधत बसाल. बावीसमध्ये यासाठी मॉडच, म्हणजे गेमला वरून जोडायची वेगळी फाइल, टाकावा लागतो. वावर वाकडेतिकडे असले, धुरा तिरपा गेलेला असला की बावीसमधला मजूर कोपरे सोडतो किंवा मध्येच थांबतो. कोर्सप्ले हा मॉड टाकला की बराच फरक पडतो, पण तो शिकायला एक-दोन संध्याकाळी लागतात. मॉडच्या भानगडीत पडायचे नसेल तर बावीसमध्ये एल्मक्रीक नकाशा घ्या, वावरे मोठी आणि बऱ्यापैकी चौकोनी आहेत. एर्लेनग्राट डोंगराळ आहे, नवख्याला तो छळतो.

पंचवीसमध्ये गारपीट आणि टोर्नेडो, म्हणजे सोंडेसारखे फिरते वादळ, हेही आले आहे. फेब्रुवारीत हरभरा-गव्हावर गारा झेललेल्या कास्तकाराला खेळातही तेच हवे की नको, हे त्याने ठरवावे. नुकसान बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे. जमिनीवर चाकाची चाकोरी उमटते. ती दिसायला छान आहे, खेळण्यात तिने फारसा फरक पडत नाही. म्हशी आणि शेळ्या नव्या आहेत, म्हशीच्या दुधापासून मोझरेला चीज होते, दही-तूप नाही. मराठी भाषा दोन्हींत नाही.

बावीस खेळून पंचवीसवर जाणाऱ्याने एवढे पक्के समजून घ्यावे की जुना सेव्ह नव्यात उघडत नाही आणि जुने मॉडही चालत नाहीत. तेच ट्रॅक्टर हवे असतील तर पंचवीससाठी केलेली त्यांची आवृत्ती मॉडहब या जायंट्सच्या मॉडच्या साइटवर निघाली आहे का, ते खरेदीच्या आधी बघा. मशीनबद्दल शंका असेल तर पंचवीस स्टीमवरून घ्या. १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे परत मिळतात. त्या दोन तासांत मोकळ्या रस्त्यावर ट्रॅक्टर पळवून काही कळत नाही. हुतान पंताईवर दोन मजूर कामाला लावा, पाऊस येऊ द्या, आणि तेव्हा फ्रेम किती येतात ते पाहा.